पियानोचं ट्यूनिंग: कान, अ‍ॅप आणि सर्व्हिसची वही

"तुम्ही कानानं ट्यून करता की मशीननं?" फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो. मी "दोन्हीनं" म्हणते आणि लगेच विचारते, "शेवटचं ट्यूनिंग कधी झालं, आणि त्या दिवशी पियानो किती उतरला किंवा चढला होता?" पहिल्याचं उत्तर मिळतं, "दिवाळीच्या आधी असेल." दुसऱ्याचं जवळजवळ कधीच मिळत नाही. मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत पियानो सांभाळायचा असेल तर माझ्या मते कान की मशीन या वादापेक्षा हा दुसरा प्रश्न मोठा आहे. हे मुख्यतः ट्यूनिंग शिकणाऱ्यांसाठी लिहिते आहे. ज्यांच्या घरी पियानो आहे त्यांनी निदान वहीचा भाग वाचावा, कारण ती वही त्यांचीच असते.

आधी पियानोची तडजोड समजून घ्या

८८ पट्ट्यांमागे साधारण २२० ते २३० तारा असतात. अगदी खर्जात एका सुराला तांबं गुंडाळलेली एकच जाड तार, थोडं वर दोन, आणि मधल्यापासून पुढे तीन-तीन. या सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात जातो. तो बिडाची प्लेट पेलते, पण आवाज देणारी फळी, म्हणजे साउंडबोर्ड, असते लाकडाची. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. पियानो बेसूर होण्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. न वाजवलेला पियानोसुद्धा उतरतो-चढतो तो यामुळेच.

दुसरी गोष्ट सुरांची. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा. सेंट हे माप अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ च्या सुमारास रूढ केलं. या वाटणीत पंचम सुमारे २ सेंट उतरतो. ते एक वेळ चालून जातं. पण शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा पडतो. ज्यांचं बालपण तानपुऱ्याजवळ गेलं आहे त्यांना पियानोचा गंधार बोचतो, आणि ते बोचणं खरं आहे. ट्यूनरचं काम तो गंधार गोड करण्याचं नाही. तो सगळ्या पट्ट्यांवर योग्य प्रमाणात चढा ठेवणं, हे काम आहे.

कानानं

आपल्याकडच्या शिकणाऱ्यांना एक सोय आहे. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकायची सवय असेल तर अर्धं शिक्षण झालेलंच आहे. पियानोच्या ट्यूनिंगमध्ये मूळ सूर ऐकायचा नसतो, त्यातून निघणारे उपस्वर ऐकायचे असतात. दोन तारांचे उपस्वर जवळजवळ एकाच जागी आले की त्यांच्यात लाट उठते. आमच्या धंद्यात तिला बीट म्हणतात. ती लाट मोजायची, हवी तेवढी ठेवायची. ज्यांना ती ऐकू येत नाही त्यांना मी आठवडाभर नुसता तानपुरा लावून बसवते आणि गंधार कुठून उगवतो तेवढंच ऐकायला सांगते. पियानोला हात त्यानंतर.

हत्यारं थोडी लागतात: तारांच्या पिना, म्हणजे खुंट्या, फिरवायला चांगलं लिव्हर, रबरी पाचरी, फेल्टची लांब फीत, अपराइटसाठी, म्हणजे उभ्या पियानोसाठी, प्लास्टिकचा चिमटा-म्यूट आणि ए-४४० चा फोर्क. ४४० हर्ट्झ म्हणजे मधल्या सी च्या वरचा ए, पेटीवाल्यांची पांढरी सहा. फोर्कबद्दल एक इशारा. पोलादी फोर्क साधारण २० अंश सेल्सियसला जुळवलेला असतो आणि तापला की उतरतो. दहा-बारा अंश जास्त असतील तर सुमारे अर्धा हर्ट्झ, म्हणजे दोन सेंटचा फरक पडतो. मे महिन्यात ठाण्याच्या घरात वाजवलेला फोर्क ४४० सांगत नाही. आपला फोर्क उन्हाळ्यात आणि थंडीत एकदा अ‍ॅपवर तपासा आणि दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

फोर्कवरून ए लावताना दोन सूर नुसते शेजारी ऐकून जुळवू नका, फसगत होते. खालचा एफ-२ मधे घ्या (सुरापुढचा आकडा सप्तकाचा; मधला सी म्हणजे सी-४, फोर्कचा ए म्हणजे ए-४). फोर्क कानाशी धरून एफ-२ वाजवा, सेकंदाला साडेतीनच्या आसपास लाटा ऐकू येतील. आता एफ-२ आणि पियानोचा ए-४ एकत्र वाजवा. लाटा त्याच वेगानं आल्या तर ए बरोबर लागला. वेग जास्त असेल तर ए चढा, कमी असेल तर उतरलेला. एफ-२ स्वतः थोडा बेसूर असला तरी बिघडत नाही, कारण तो दोन्ही वेळा तोच असतो.

मग मधलं सप्तक. ए-४ वरून ए-३, आणि ए-३ वरून खाली एफ-३. एफ-३ आणि ए-३ मिळून सेकंदाला सातच्या किंचित आत लाटा यायला हव्यात. सात कशा मोजायच्या? मेट्रोनोम ६० ला लावा आणि एका ठोक्यात रूपकाचा अख्खा ठेका म्हणा: ती ती ना धी ना धी ना. सराव झाला की तोंड बंद ठेवूनही तो वेग अंगात राहतो. पुढे ए-३ ते सी शार्प-४ ला पावणेनऊ, सी शार्प-४ ते एफ-४ ला अकरा, एफ-४ ते ए-४ ला चौदाच्या आसपास. या चार गंधारांची, म्हणजे सा-गंधार अंतराच्या चार जोड्यांची, चढण एकसारखी जमली की पाया पक्का. मधले सूर पंचम-मध्यमांनी भरायचे. त्यांच्या लाटा फार सावकाश, सेकंदाला एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतात. भरून झालं की एफ-३ पासून एकेक पट्टी वर सरकत सगळे गंधार वाजवा. लाटांचा वेग पायरी न चुकता वाढत गेला पाहिजे. कुठे अचानक मंदावला किंवा उसळला तर त्या गंधारातला एक सूर चुकलेला आहे.

लाट कुठे ऐकायची ते कळत नसेल तर एक युक्ती आहे. एफ-३ आणि ए-३ आवाज न करता हळूच दाबून धरा आणि ए-५ एकदा टोचून सोडा. जो आवाज मागे राहील त्यातच ती लाट आहे.

मशीन कुठे वापरायचं

यंत्रानं ट्यून करणं ही काही मोबाइलच्या काळातली गोष्ट नाही. फिरत्या चकतीचं स्ट्रोबोकॉन १९३६ मध्येच आलं होतं. आज ट्यूनलॅब, व्हेरीट्यूनर, सायबरट्यूनर ही व्यावसायिक अ‍ॅप्स आहेत. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठातून आलेला एन्ट्रॉपी पियानो ट्यूनर फुकट मिळतो. शिकणाऱ्यांनी त्याच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

गिटारचं क्लिपवालं ट्यूनर मात्र पियानोला लावू नका. पियानोची तार ताठ असते. त्यामुळे तिचे उपस्वर गणितात यायला हवेत त्याहून चढे निघतात. कान उपस्वर जुळवतो, म्हणून कानानं नीट लावलेल्या पियानोत खर्ज हिशेबापेक्षा खाली आणि तार सप्तक हिशेबापेक्षा वर जातं. रेल्सबॅक यांनी १९३८ मध्ये हे मोजून दाखवलं. अगदी वरच्या सुरांत हा फरक ३० सेंटपर्यंत जाऊ शकतो. गिटारचं ट्यूनर प्रत्येक सूर कोरड्या हिशेबावर आणून ठेवतं, आणि पियानो वरच्या बाजूला निस्तेज, पडल्यासारखा वाजतो. पियानोची अ‍ॅप्स आधी तुमच्याच पियानोचे काही सूर ऐकतात, त्याचा ताठपणा मोजतात आणि मग त्या पियानोपुरतं वळण आखतात.

हे सूर ऐकवताना घाई करू नका. शेजारच्या तारा पाचर लावून बंद करा, एकच तार वाजू द्या. फोन पियानोवर न ठेवता स्टँडवर ठेवा. आणि छताचा पंखा बंद करा. पंख्याची पाती आवाज कापतात आणि त्यातून जी थरथर येते ती अ‍ॅपलाही लाट वाटते आणि कानालाही. घरमालक घाम पुसत बघत राहतात, पण तेवढा वेळ पंखा बंदच हवा.

माझी वाटणी अशी आहे. आल्याआल्या पियानोची स्थिती मोजायला अ‍ॅप. पियानो फार उतरलेला असेल तर पहिला कच्चा हात अ‍ॅपनं, कारण तिथे आकड्यांचा उपयोग असतो. एक तार चढवली की फळीवरचा दाब वाढतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. म्हणून मधल्या भागात जितकं उतरलं असेल त्याच्या साधारण चौथा हिस्सा जास्त चढवायचं, वरच्या भागात त्याहून थोडं अधिक, खर्जात बरंच कमी. २० सेंट उतरलेला सूर ५ सेंट पुढे नेऊन ठेवला की शेवटी तो जागेवर येऊन बसतो. अ‍ॅप हा हिशेब प्रत्येक सुराला करून देतं. दोन पियानो एकत्र वाजणार असतील, किंवा सभागृहात साउंड चेक आणि कार्यक्रम यांच्यामध्ये फार थोडा वेळ मिळणार असेल, तेव्हाही मी अ‍ॅपवरच विसंबते.

पण एका सुराच्या तीन तारा एकमेकींना जुळवणं, म्हणजे युनिसन, मी नेहमी कानानं करते. पियानो ऐकणाऱ्याला सर्वांत आधी खटकतं ते युनिसन. तीन तारा एकाच पुलावर, म्हणजे त्यांचा आवाज फळीला पोचवणाऱ्या लाकडी पट्टीवर, बसलेल्या असतात आणि एकत्र वाजताना एकमेकींना ओढतात. अ‍ॅपवर तिन्ही वेगवेगळ्या शून्यावर आणल्या तरी एकत्र वाजवल्यावर सूर मिटलेला किंवा हलता निघू शकतो. काही तारा एकट्या वाजवल्या तरी हलतात, बहुधा पुलावरची खिळी सैल झाल्यानं. तिथे आकडा नाचतच राहतो आणि तोल कानालाच ठरवावा लागतो. छोट्या अपराइटमध्ये जिथे तांब्याच्या तारा संपून साध्या पोलादी सुरू होतात तो सांधाही तसाच. अ‍ॅपचं वळण तिथे अनेकदा फसतं. तिथे मी गंधार वाजवून बघते आणि लाटा मान्य होतील तिथे सूर ठेवते, स्क्रीन काहीही म्हणो.

आणि पिन कशी बसवायची हे कोणतंच अ‍ॅप शिकवत नाही. अपराइटवर लिव्हर घड्याळाच्या बारा ते एकच्या दरम्यान धरा. सूर किंचित वर न्या, पट्टी जोरात वाजवा, मग हलकेच खाली आणून बसवा. पिन लाकडात पिळली जाते आणि हात सोडला की थोडी मागे येते. हात सोडल्यावर, दोन-तीन जोरदार ठोके दिल्यावर जो सूर उरतो तोच खरा. स्क्रीनवर हिरवं दिसलं म्हणून पुढे गेलात तर पहिल्याच जोरकस तुकड्यात तो सूर सरकतो.

पावसाळा, एसी आणि किती वेळा

आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहिली तर पियानो खूश असतो. मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते आणि त्याच खोलीत रात्री एसी चालतो. ही रोजची वर-खाली सततच्या दमटपणापेक्षाही वाईट. शे-दोनशे रुपयांपासून आर्द्रतामापक मिळतात. एक पियानोवर ठेवा. जुन्या घरांत पावसाळ्यात पियानोच्या पोटात बल्ब पेटवून ठेवायची पद्धत होती. फेल्ट आणि कोरड्या लाकडाशेजारी तापलेला बल्ब मला अजिबात मान्य नाही. पियानोसाठीच बनवलेला हीटर-दांडा आर्द्रता नियंत्रकासह बसवून घ्या, किंवा खोलीत डीह्युमिडिफायर चालवा.

वर्षात दोनदा ट्यूनिंग, आणि दरवर्षी त्याच दोन वेळी. माझ्या गिऱ्हाइकांना मी पाऊस संपून हवा स्थिरावल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात, आणि मग मार्चच्या सुमाराला सुचवते. जूनच्या पहिल्या सरीनंतर लगेच बोलावू नका. फळी तेव्हा फुगतच असते आणि आजचं काम पंधरवड्यात सरकतं. ऑगस्टात परीक्षा किंवा कार्यक्रम असेल तर गोष्ट वेगळी.

वहीत काय लिहायचं

पियानोची सर्व्हिस वही म्हणजे "ट्यूनिंग केलं, पैसे दिले" एवढीच नोंद नव्हे. सर्वांत मोलाचा आकडा आहे तो काम सुरू करण्याआधीचा. ट्यूनिंगनंतर सगळेच पियानो सुरात असतात, त्यातून काही कळत नाही. आल्यावर लिव्हर लावायच्या आधी मी ए-२, ए-३, ए-४, ए-५ अशा सुरांची एकेक तार मोजून लिहिते. दोन मिनिटांचं काम.

पहिल्या पानावर: कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर (अपराइटमध्ये वरचं झाकण उघडल्यावर पिनांजवळ प्लेटवर दिसतो), खोलीत पियानो कुठे आहे, एसी आहे का. नंतर प्रत्येक भेटीला एक ओळ. नमुन्यासाठी एका अपराइटच्या तीन ओळी अशा दिसतील (सुरांचे आकडे सेंटमध्ये; + म्हणजे चढा, − म्हणजे उतरलेला):

१४ नोव्हेंबर. आर्द्रता ५८, तापमान ३०. आल्यावर ए-२ ०, ए-३ +५, ए-४ +३, ए-५ +२. ठेवला ४४०. डी-५ ची डावी तार एकटीच हलते.

२० मार्च. आर्द्रता ५२, तापमान ३१. आल्यावर ए-२ −१, ए-३ −५, ए-४ −३, ए-५ −२. ठेवला ४४०. एफ शार्प-३ ची मधली तार १८ सेंट खाली, पिन सैल.

९ ऑगस्ट. आर्द्रता ८३, तापमान २९. आल्यावर ए-२ +२, ए-३ +१२, ए-४ +८, ए-५ +५. ठेवला ४४२. चार पट्ट्या जड, बुशिंग (पट्टीतलं फेल्टचं अस्तर) फुगलेलं. एफ शार्प-३ पुन्हा खाली.

या तीन ओळी वाचायला शिका. ऑगस्टात ए-३ खूप चढला, ए-२ जवळजवळ जागेवर. मधला भाग सर्वांत जास्त हलला म्हणजे ही फुगलेली फळी आहे, पिनांचा दोष नाही, आणि हिवाळ्यात ती परत बसेल. ४४० ला साधारण ४ सेंट म्हणजे एक हर्ट्झ. ए-४ आठ सेंट चढला म्हणजे पियानो स्वतःहून ४४२ वर गेला आहे. घरात एकट्यानं वाजवायचा असेल तर मी तो तिथेच सुरात करते. ओढून ४४० ला आणला तर फेब्रुवारीत तेवढाच खाली गेलेला सापडेल, आणि तारांना वर्षातून दोनदा विनाकारण ताण. व्हायोलिन किंवा बासरी सोबतीला असेल तर मात्र काय हवं ते आधी विचारून घ्या आणि तेही लिहा.

एफ शार्प-३ मात्र हंगामाशी बोलत नाही. शेजारचे सूर चढले तेव्हाही तो उतरला. दोन ओळींत एकच तार सापडली की ती पिन सैल आहे हे नक्की, आणि पुढच्या वेळी जाडी वाढवून नवी पिन घालायची तयारी करून यायचं. वही नसती तर प्रत्येक वेळी नुसता सूर वर करून घरी गेलो असतो. तिसरी शक्यता: ऋतू कुठलाही असो, सगळे सूर प्रत्येक भेटीला थोडे थोडे खालीच सापडतात. नव्या पियानोत पहिली वर्ष-दोन वर्षं हे चालतं, तारा ताणल्या जात असतात. जुन्या पियानोत असं दिसलं तर पिनांच्या लाकडी ठोकळ्याची तपासणी करा.

तार तुटली तर तिचा नंबर, सूर आणि तारीख. तांब्याची तार मागवली असेल तर मापं लिहून ठेवा, तीच पुढे परत लागतात. गंजलेला जुना पियानो ४४० ला न आणता मुद्दाम खाली ठेवला असेल तर कारणासह लिहा, नाहीतर पुढचा ट्यूनर तो चढवायला जाईल आणि तारा तोडेल. कसर किंवा वाळवी दिसली, कुठे औषध केलं, तेही. अ‍ॅपमधली फाइल सिरीयल नंबर आणि तारखेच्या नावानं साठवा. "काकूंचा पियानो" या नावाच्या तीन फाइल्स झाल्या की त्यातली कुठली कामाची ते कुणालाच सांगता येत नाही.

मूळ वही पियानोजवळ राहू द्या, ट्यूनरकडे फक्त प्रत. चर्चमध्ये आणि शाळांमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. फादर बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, ट्यूनरही बदलतो. अपराइटच्या वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला जाड कागदाचं पाकीट चिकटवून त्यात कार्ड ठेवलं तर ते शोधावं लागत नाही.

आज वही नसेल तर सुरुवात अशी करा. झाकण उघडून सिरीयल नंबरचा फोटो काढा. ट्यूनरला पुढच्या वेळी पहिली पट्टी काढून तिची बाजू बघायला सांगा. जुने ट्यूनर तिथे किंवा प्लेटवर पेन्सिलीनं तारीख आणि सही करून जायचे, आणि कधी कधी पन्नास वर्षांचा इतिहास तिथेच मिळतो. तो वहीत उतरवून घ्या, पेन्सिल पुसू नका. मग आर्द्रतामापक आणून दर रविवारी एक आकडा लिहायला लागा, घरातल्या मुलांना हे काम आवडतं. पुढच्या ट्यूनिंगच्या दिवशी लिव्हर बाहेर येण्याआधी चार सुरांचे आकडे मागून घ्या.